तिला नको, तिचं बाळ लहान आहे

हे वाक्य माझं आहे. 2018 च्या सप्टेंबरात, हिंजवडी फेज टूमधल्या एका काचेच्या खोलीत, सात जणांसमोर मी ते बोलले होते. भिंतीवर एक्सेलची शीट. डाव्या हाताला नावं, वर तारखा, मधे हिरव्या-पिवळ्या चौकटी. ग्राहकाची नवी बिलिंग सिस्टीम शुक्रवारी रात्री लाइव्ह जायची होती आणि सोमवारी त्यांचं ऑफिस उघडायच्या आत सगळं सुरळीत चालायला हवं होतं. मधल्या दोन-तीन रात्री ऑफिसात कोण थांबणार, हे ठरत होतं.

कर्सर सांगलीच्या मुलीच्या नावापाशी आला. (मुलगी म्हणजे 31 वर्षांची. पण आयटीत आम्ही सगळ्या रिटायर होईपर्यंत 'मुली'च असतो.) गो-लाइव्हला सगळ्यात जास्त फुटण्याची भीती असलेलं मॉड्यूल तिनंच लिहिलेलं होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला जेमतेम अडीच महिने झाले होते. मी म्हटलं, "तिला नको, तिचं बाळ लहान आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी "हो हो, बरोबर" म्हणालं. तिच्या चौकटी पांढऱ्याच राहिल्या आणि कर्सर खाली सरकला. चार सेकंदसुद्धा लागले नसतील.

मला त्या दिवशी स्वतःबद्दल छान वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वेळी माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं. आपण निदान समजूतदार मॅनेजर झालो, असं वाटत मी घरी गेले.

गो-लाइव्ह झालं. पहाटे तीनला पिझ्झा खाणाऱ्यांचा फोटो ग्रुपवर आला. शनिवारी रात्री ते मॉड्यूल फुटलंच, आणि दुसऱ्या एका मुलानं ते सावरलं. दोनदा फोन करून तिलाच विचारून. सोमवारी ग्राहकाच्या वरिष्ठांचं आभाराचं पत्र आलं, त्यात नऊ नावं होती. मार्चच्या अप्रेझलमध्ये त्या नऊपैकी चौघांना बढती मिळाली. कारण सरळ होतं. बेल कर्व्हवर, म्हणजे वरचे शेरे ठरावीक टक्के लोकांनाच देता येतात अशा पट्टीवर, माणसं बसवताना पुराव्याला काहीतरी लागतं आणि पत्र हा भक्कम पुरावा असतो. तिच्याकडे पत्र नव्हतं. तिला 'अपेक्षेप्रमाणे काम' हा शेरा मिळाला.

तेव्हा ती माझ्याकडे आली. रडली-भांडली काही नाही. म्हणाली, "मॅडम, त्या आठवड्यात मी आईला सांगलीहून बोलावून घेतलं होतं. गो-लाइव्ह आहे म्हणूनच. शीट पाहिली तेव्हा माझं नावच नव्हतं." मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "विचारलं असतं तर कदाचित नाहीही म्हटलं असतं मी. पण विचारलं नाही तुम्ही."

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती नंतर, जेव्हा मी ती जुनी शीट परत उघडली. त्या नावांमध्ये आणखी दोन तान्ह्या बाळांचे आईबाप होते. म्हणजे बापच. एकाचं बाळ तर तिच्या बाळापेक्षा लहान, तीन महिन्यांचं. तो पठ्ठ्या तिन्ही रात्री थांबला होता. चहाच्या टपरीवर मी त्याला सहज विचारलं तर म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, बायकोला टाक्यांचा त्रास होता, मला घरी राहायचं होतं. पण कसं सांगणार?" त्याचंही बाळ लहान होतं. आम्हा आठ जणांपैकी एकाच्याही तोंडात ते वाक्य आलं नाही.

आमच्याकडे कुणी बायकांना आत येऊ दिलं नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. पुण्यातलीच टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ती सुरू झाली की मुली डोळे फिरवतात: 1974 ची जाहिरात, 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत' अशी ओळ, सुधा कुलकर्णी म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती यांनी जेआरडी टाटांना धाडलेलं पोस्टकार्ड. पण आता त्या गोष्टीतली एक वेगळीच गोष्ट मला हेवा वाटण्यासारखी वाटते. तिथं नकार छापलेला होता. छापलेल्या ओळीला पोस्टकार्डानं उत्तर देता येतं. सांगलीच्या मुलीनं कुणाला पत्र लिहायचं होतं, आणि काय लिहायचं होतं? की माझी काळजी घेतली गेली?

मी स्वतः 1999 मध्ये लागले, वायटूकेच्या घाईत. वर्ष दोनच आकड्यांत लिहिणाऱ्या कॉम्प्युटरांना 2000 साल कळणार नाही अशी सगळ्या जगाला धडकी भरलेली आणि कोबोल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकवून हात भरती करणं चाललेलं. आमच्या बॅचमध्ये 26 जण, त्यात आम्ही 10 जणी. कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात एक मुलगी होती, सिव्हिलमध्ये तीन, आणि कॉम्प्युटरला मात्र बाकं भरलेली. त्याचं कारण काही फार थोर नव्हतं. माझ्या वडिलांच्या शब्दांत, "एसीत बसायचं, उन्हातान्हात साइटवर फिरायचं नाही, कंपनीची बस दारात." साताऱ्याच्या आमच्या आळीत कॉम्प्युटर ही मुलींना शोभणारी गोष्ट होती. शिवणकामानंतरची. पाश्चात्त्य देशांत याच यंत्राभोवती मुलग्यांचा गोतावळा जमला आणि मुली बाजूला झाल्या. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्याला संगणकशास्त्राच्या पदवीधरांत 37 टक्क्यांच्या आसपास मुली होत्या, पुढच्या पंचवीस वर्षांत तो आकडा 18 वर घसरला. आपल्याकडे याच काळात तो चढत गेला. मुलींना जपायच्या हौसेनंच आम्हाला आत आणलं होतं, म्हणा ना. आणि तीच हौस पुढं आम्हाला बाहेर नेते.

(ट्रेनिंगमध्ये तीन महिने कोबोल घोटलं. त्या भाषेचा पाया ज्या कामावर उभा आहे ते ग्रेस हॉपर नावाच्या बाईनं केलं होतं, हे आम्हा दहा जणींना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोबोल जास्त आवडलं असतं असं नाही.)

आत येण्याचा रस्ता तेव्हापासून आणखी रुंद झाला आहे. गेल्या वर्षी भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीच्या, याद्या घेऊन बसले होते. जागांच्या कोडमध्ये 'जीओपेन'च्या शेजारी 'एलओपेन' दिसतं, त्यातला एल म्हणजे लेडीज. राज्यातल्या प्रवेशात 30 टक्के जागा मुलींच्या. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फीही सरकार भरतं. आयआयटींनी 2018 मध्ये मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि 2020 पर्यंत प्रवेशातलं मुलींचं प्रमाण 20 टक्क्यांवर नेलं. त्याआधी ते दहाच्याही खाली होतं. त्यावर भाचीच्या वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला, "तुमचं काय बुवा, कोटा आहे." ती म्हणाली, "हो, आहे." आणि जेवायला लागली. आम्ही या वाक्यावर आठ-आठ दिवस कुढायचो.

देशातल्या आयटीत आज एकतृतीयांशाहून थोड्या जास्त बायका आहेत. आकडा वाईट नाही. पण कुठल्याही मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये जाऊन बसा. ओळखपत्राच्या पट्ट्यांचे रंग हुद्द्याप्रमाणे वेगळे असतील तर मोजायलाही सोपं. फ्रेशर्सच्या टेबलावर निम्म्या मुली. पाच-सात वर्षंवाल्यांत तीनात एक. डिलिव्हरी मॅनेजर बसतात त्या खिडकीशी एखादीच, आणि तिच्याकडे बहुधा टेस्टिंग नाहीतर क्वालिटी. आर्किटेक्ट, सर्व्हर-नेटवर्क सांभाळणारं इन्फ्रा, रात्री-अपरात्री उठवणारा प्रॉडक्शन सपोर्ट ही टेबलं पुरुषांची. हे कुठल्या धोरणात लिहिलेलं नाही. त्या-त्या वेळी कुणीतरी शीट उघडून, प्रेमानं, चौकटी पांढऱ्या ठेवलेल्या असतात.

याला सुरक्षेचीही बाजू आहे आणि तिच्याबद्दल मला हलकं बोलता येत नाही. 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका मुलीला कॅबच्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं मारलं. दोन वर्षांनी खराडीहून घरी निघालेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलीचं तेच झालं. त्या दोन्ही सकाळी ऑफिसातली शांतता मला आठवते. मग नियम आले: रात्री मुलगी शेवटी उतरणार असेल तर गाडीत गार्ड, दारापर्यंत सोडून फोन. उत्तम झालं. पण पुढं काय झालं, तर कॅब आणि गार्डची भानगड नको म्हणून साडेसातलाच "निघ तू, उशीर होईल" सुरू झालं. महत्त्वाचे निर्णय साडेसातनंतर होतात हे आयटीत सगळ्यांना ठाऊक आहे. राज्याचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा मी पुढं एकदा नीट वाचला. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की रात्री बाईला थांबवता येत नाही. कायदा म्हणतो, साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती घ्या आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची व्यवस्था करा. संमती घ्या, म्हणजे विचारा. आम्ही व्यवस्थेचा खर्च वाचवला आणि विचारणंही.

आणि संध्याकाळचा कॉल. यावर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकते. बॉस्टनच्या ग्राहकाचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा घरी ओट्याजवळ, कानात इअरफोन, म्यूटवर बोट. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि कुकरची शिट्टी झाली. तिकडून विचारणा आली, तुमचं ऑफिस रेल्वे स्टेशनजवळ आहे का? मी हो म्हणून सांगितलं. काय करणार! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे आपला कॉल साडेसातवर जातो, आणि पुण्यातल्या काही हजार घरांत मार्चपर्यंत जेवणं उशिरा होतात. हे ज्या घरांत होतं, तिथल्या नवऱ्यांचेही कॉल असतातच. फक्त त्यांच्या कॉलमध्ये शिट्ट्या वाजत नाहीत.

शिट्टी लपवण्यावरून स्टेफनी शर्ली आठवते. नाझींच्या तावडीतून सुटून लहानपणी आईबापांशिवाय इंग्लंडला आलेली मुलगी. तिनं 1962 मध्ये घरच्या जेवणाच्या टेबलावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली, ती लग्न-बाळंतपणामुळे नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांसाठी. घरी बसून, आपल्या वेळेत, पेन्सिलीनं कागदावर प्रोग्राम लिहायचे. पत्रांना उत्तरं येईनात म्हणून ती 'स्टीव्ह' अशी सही करू लागली. ग्राहकाचा फोन आला की ती टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायची, मुलांचा दंगा ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्या म्यूटच्या बटणाची आजीच! तिच्या पहिल्या 300 माणसांत 297 बायका होत्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच बायकांनी केलं. 1975 मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला आणि तिला नाइलाजानं पुरुष घ्यावे लागले. हे वाचून मी एकटीच किती वेळ हसत होते.

मला तिच्यात आवडतं ते असं, की तिनं बाळ लहान आहे म्हणून काम हलकं दिलं नाही. काम अवघडच दिलं. वेळ आणि जागा तेवढी त्यांच्यावर सोडली. आम्ही नेमकं उलट करतो. वेळ आमची, जागा आमची, आणि मग दया आली की काम काढून घेतो. कोविडमध्ये दोन वर्षं घरून काम झालं तेव्हा हे थोडं सरळ झालं होतं. परत बोलावणं सुरू झाल्यावर टीसीएसनं 2023 च्या वार्षिक अहवालात नोंदवलं, की बायका सोडून जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त झालं आहे, आणि असं त्यांच्याकडे एरवी होत नसे. घरून काम थांबणं हे एक कारण असावं, असा त्यांच्याच मनुष्यबळ विभागाचा कयास होता.

कायदाही आपल्या परीनं तेच वाक्य बोलतो. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर आलं. आईसाठी हे फारच मोलाचं आहे, मला 2004 मध्ये बारा आठवड्यांत परतताना काय झालं होतं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस दिलेला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात तेवढेच. आयटीसारख्या नोकरीत रजेचा सगळा पगार एकट्या कंपनीच्या खिशातून. मग मुलाखतीत तिशीच्या आतबाहेरची, नुकतं लग्न झालेली मुलगी समोर बसली की पॅनेलवरच्या माणसाच्या डोक्यात कुठला हिशेब सुरू होतो, हे मी पॅनेलवर बसून पाहिलं आहे. तोंडानं कुणी विचारत नाही, तेवढं सगळ्यांना शिकवलेलं आहे. "सासर पुण्यातच का?" एवढं मात्र गप्पांच्या ओघात येतं.

आणि मी टिकले, ती कशी? लोक विचारतात, मी बॅलन्स वगैरे शब्द फेकते. खरं उत्तर असं की माझी इतक्या वर्षांची नोकरी सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभी आहे. दोन्ही गुडघे 2016 मध्ये बदलून झाले. त्यांच्यानंतर मावशी. त्या वारज्याहून दोन बस बदलून यायच्या तेव्हा त्यांची धाकटी शेजारणीकडे असायची. त्यांना 26 आठवडे कुणी दिले नव्हते. मीही नाही, मी दीड महिना पगार दिला आणि त्याचं मला कौतुक वाटलं. स्त्रियांच्या प्रगतीवरच्या पॅनेलवर मला बोलावतात तेव्हा या दोघींना बोलवायला हवं. सासूबाई येणार नाहीत, त्यांची मालिका असते.

सांगलीची मुलगी त्या मार्चनंतर सात महिन्यांनी गेली. राजीनाम्याच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी असते, तिनं 'वैयक्तिक' वर टिचकी मारली. बायकांच्या बहुतेक फॉर्ममध्ये तीच टिचकी असते. एचआरच्या तक्त्यात ते सगळं लग्न, बाळ, नवऱ्याची बदली यांत जाऊन पडतं आणि आमच्यावर काही येत नाही.

ती गेल्यावर मी फार काही केलं नाही. दोनच गोष्टी. शीटमध्ये नावापुढच्या चौकटी ज्याच्या त्यानं स्वतः भरायच्या, मला विचारून नाही आणि माझ्या देखतही नाही. पहिल्याच रिलीजला मी ज्यांना मनातल्या मनात वगळलं असतं त्यातल्या दोघी 'येणार' होत्या, आणि ज्यांना गृहीत धरलं असतं त्यातल्या एकानं लिहिलं होतं, 'शनिवार नको, बाळाची लस आहे.' माझ्या वरच्या साहेबांनी ते वाचून विचारलं, "का, त्याची बायको नाही का?" मी म्हटलं, "आहे. ती तिच्या ऑफिसात रिलीजला थांबणार आहे." हे मी ठोकून दिलं होतं. नंतर कळलं की ते खरंच होतं.

दुसरी गोष्ट कॉलची. मी ग्राहकाकडच्या बाईंना मेल लिहिली, की हा कॉल तासभर अलीकडे घेता येईल का. मेल लिहायला मला दोन दिवस लागले, तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. नऊला तिला मुलाला शाळेत सोडायचं असायचं, ती रोज गाडीत बसून, म्यूटवर, आमचा कॉल ऐकायची. तिनं आनंदानं आठ केले. सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून शिट्ट्या लपवत होतो.

सांगलीची मुलगी आता बाणेरला एका प्रॉडक्ट कंपनीत आहे, माझ्या वरच्या हुद्द्यावर. आमचं बोलणं होतं अधूनमधून. त्या वाक्याचा विषय ती काढत नाही, मीच काढते आणि ती टाळते. परवा तिचा मेसेज आला. टीममधल्या एका मुलीला सहावा महिना लागलाय आणि डिसेंबरात मोठं गो-लाइव्ह आहे, सगळे म्हणतायत तिला नको ठेवायला, काय करू?

मी लिहिलं, "विचार तिला."

अर्ध्या तासानं उत्तर आलं. "विचारलं. डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली. आणि बसायला नीट खुर्ची मागितलीय."